अल्पमुदतीचा करार हाती आल्यावर : मुंबईच्या तरुण हॉकीपटूंसाठी

चर्चगेटच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमवर गेल्या मोसमात संध्याकाळचा सराव संपल्यावर १९ वर्षांचा एक हाफबॅक प्लास्टिकच्या फाइलमधून चार पानांचा कागद घेऊन माझ्याकडे आला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सही करून तो कागद परत पाठवायचा होता. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत छापलेली रक्कम त्याला तोंडपाठ होती. उरलेली तीन पाने त्याने वाचली होती, पण ती नीटशी कळली नव्हती आणि क्लबला विचारायचा त्याला संकोच वाटत होता. तिसऱ्या पानावर असे कलम होते की करार संपल्यानंतर पुढचे एक वर्ष दुसऱ्या कोणत्याही संघाचा प्रस्ताव आला तर तो आधी याच क्लबला दाखवावा लागेल. चौथ्या पानावर मानधनाचे हप्ते ‘परिशिष्ट अ’मध्ये दिल्याप्रमाणे मिळतील असे वाक्य होते, आणि परिशिष्ट अ जोडलेलेच नव्हते. करार पाच आठवड्यांचा होता.

असे कागद घेऊन मुले-मुली दर वर्षी भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी वकील नाही. मी गोलकीपर म्हणून बरीच वर्षे मुंबईत खेळलो, माझ्या हातून काही चुका झाल्या, आणि त्यानंतर इतरांचे कागद वाचून देण्याची सवय लागली. त्यातून एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे : अल्पमुदतीचा करार शेवटाकडून वाचावा. तीन वर्षांच्या करारात काही चुकले तर ते दुरुस्त करायला वेळ मिळतो, पाच आठवड्यांच्या करारात तो मिळत नाही. म्हणून करार संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तुमचे पैसे खात्यात आले असतील का, तुमचे शरीर धड असेल का किंवा नसल्यास त्याची जबाबदारी कोणावर असेल, आणि तुम्ही दुसरीकडे खेळायला मोकळे असाल का, हे तीन प्रश्न मनात धरूनच पहिले पान उघडावे.

पहिली पायरी : हा कागद नेमका कशाचा आहे ते ओळखा

आधीच्या पिढीला हा प्रश्न फारसा पडत नसे. धनराज पिल्ले मुंबईत आले ते महिंद्र अँड महिंद्रकडून खेळायला आणि पुढे इंडियन एअरलाइन्सकडून खेळले. भारतीय संघातले विरेन रस्किन्हा इंडियन ऑइलकडून खेळले. चांगला खेळाडू म्हणजे कधीतरी ऑफिसची कायमची नोकरी, असे समीकरण या शहरात घट्ट होते. पश्चिम रेल्वे, मध्य रेल्वे, भारत पेट्रोलियम, इंडियन ऑइल, युनियन बँक ही नावे मुंबईच्या मैदानावर आजही ऐकू येतात, परंतु नव्या मुलाच्या हाती आता बहुधा ठरावीक महिन्यांचा कागद येतो.

अशा कागदांचे ढोबळमानाने चार प्रकार पडतात. पहिला फ्रँचायझी लीगचा करार. हॉकी इंडिया लीग २०१३ मध्ये पाच संघांनिशी सुरू झाली, तेव्हा मुंबई मॅजिशियन्स हा आपला संघ होता. पुढे दबंग मुंबई आला आणि २०१७ च्या अंतिम सामन्यात कलिंग लान्सर्सकडून हरला. त्यानंतर लीगच थांबली, ती २८ डिसेंबर २०२४ रोजी पुन्हा सुरू झाली. पुरुषांच्या आठ आणि महिलांच्या चार संघांत त्या मोसमात मुंबईचा संघ नव्हता, त्यामुळे मुंबईच्या खेळाडूला लिलावात नाव निघाले की परगावीच जावे लागते. २०२४ च्या लिलावात पायाभूत किंमत २ लाख, ५ लाख आणि १० लाख रुपये अशा तीन गटांत होती आणि पुरुषांच्या प्रत्येक संघाकडे खर्चायला ४ कोटी रुपये होते. २४ जणांच्या संघात किमान १६ भारतीय आणि त्यांत ४ ज्युनियर खेळाडू असणे बंधनकारक होते. तरुणांसाठी ही ज्युनियरची जागा हाच खरा दरवाजा आहे. लीगचा करार सहसा छापील असतो, त्यातल्या अटी सर्वांना सारख्याच असतात आणि त्यात बदल करून घेण्यास फारसा वाव नसतो. तरीही तो वाचायचाच, कारण आपण कशाला होकार देत आहोत हे ठाऊक असले पाहिजे.

दुसरा प्रकार ऑफिसच्या संघाचा स्टायपेंड किंवा शिष्यवृत्ती. मुंबईत नवख्यांच्या हाती सर्वाधिक येणारा कागद हाच, आणि गैरसमज सर्वाधिक होतात तेही याच कागदाबाबत. खेळाडू घरी सांगतो की मला अमुक कंपनीत नोकरी लागली, आणि कागदावर मात्र ‘हा कोणत्याही प्रकारे नियुक्तीचा आदेश नाही’ असे स्पष्ट छापलेले असते. स्टायपेंड घेणाऱ्याला सहसा भविष्य निर्वाह निधी मिळत नाही, रजा मिळत नाहीत आणि पुढे कायम करण्याचे कोणतेही बंधन कंपनीवर नसते. याउलट निश्चित मुदतीची नोकरी असेल, म्हणजे कागदावर नियुक्ती, पगार आणि पद हे शब्द असतील, तर हक्क निराळे असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनुसार निश्चित मुदतीच्या कर्मचाऱ्याला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचाही हक्क आहे. ‘पुढच्या वर्षी बघू, तुला घेऊनच टाकू’ हे वाक्य संघ-व्यवस्थापकाने कितीही मनापासून उच्चारले असले, तरी त्या माणसाची बदली होऊ शकते. कागदावर नसलेले आश्वासन धरून कॉलेज सोडू नये.

तिसरा प्रकार पाहुण्या खेळाडूचा. एखाद्या स्पर्धेपुरते दुसऱ्या संघाकडून खेळायचे, प्रवास, राहणे, दैनिक भत्ता आणि थोडे मानधन मिळते. यात बहुधा लेखी काही नसतेच. निदान व्हॉट्सअॅपवर तरी रक्कम, तारखा आणि प्रवासखर्च कोणाचा हे लिहून मागावे आणि त्यावर समोरच्याचे ‘हो’ घ्यावे. तो संदेश हाही पुरावा आहे. चौथा प्रकार परदेशी क्लबचा, त्याविषयी पुढे लिहितो.

दुसरी पायरी : स्पर्धा मान्यताप्राप्त आहे का, आणि ना हरकत कोणाकडून हवी

२०१२ मध्ये वर्ल्ड सिरीज हॉकी ही आठ संघांची स्पर्धा झाली आणि तिच्यात मुंबई मरिन्स हा संघ होता. स्पर्धेला प्रेक्षक आले, दूरचित्रवाणीवर सामने दिसले, पण आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाची आणि हॉकी इंडिया या राष्ट्रीय संघटनेची तिला मान्यता नव्हती. राष्ट्रीय संघाचे स्वप्न पाहणाऱ्यांसमोर त्यामुळे मोठा पेच उभा राहिला, आणि स्पर्धेचा दुसरा मोसम झालाच नाही. आजही आंतरराष्ट्रीय महासंघाचे नियम मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळणाऱ्यावर कारवाई करण्याची मुभा देतात. म्हणून सही करण्यापूर्वी स्पर्धेच्या मान्यतेचे पत्र मागावे. आयोजक खरा असेल तर त्याला ते दाखवण्यात अडचण नसते.

तुमची हॉकी इंडियाकडची नोंदणी ज्या युनिटमार्फत, म्हणजे तिच्या ज्या सदस्य संघटनेमार्फत झाली आहे, त्यांची ना हरकत लागेल का हे आधी विचारा. स्टायपेंडवर असताना दुसऱ्याकडून खेळायचे असेल तर त्या कंपनीचीही परवानगी लागते, आणि ती लेखी घ्यावी. परदेशी क्लबसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या पद्धतीप्रमाणे राष्ट्रीय संघटनेचे ना हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. करारात ‘खेळाडू सर्व परवानग्या स्वतः मिळवील’ असे असेल आणि परवानगी नाकारली गेली, तर करार भंग झाला असे समजायचे की करार आपोआप रद्द झाला असे समजायचे, हे त्यात लिहिलेले असले पाहिजे. एवढे एक वाक्य घालून घ्या : ‘परवानगी न मिळाल्यास हा करार कोणत्याही भरपाईविना रद्द समजला जाईल.’

तिसरी पायरी : सही कोण करणार

भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे १८ वर्षे पूर्ण न झालेल्या व्यक्तीने केलेला करार तिच्यावर बंधनकारक ठरत नाही. त्यामुळे १६-१७ वर्षांच्या खेळाडूच्या कागदावर आई-वडिलांपैकी एकाची किंवा कायदेशीर पालकाची सही घेतली जाते. पालकांनी मुलाच्या मैदानावरच्या कामगिरीची वैयक्तिक हमी देऊ नये आणि ‘मुलाने करार मोडल्यास पालक भरपाई देतील’ असे वाक्य असल्यास ते काढायला सांगावे. जन्मतारीख सर्व कागदांवर एकच असावी. वयाचा घोळ एकदा नोंदला गेला की तो वर्षानुवर्षे पाठ सोडत नाही.

चौथी पायरी : रकमेपेक्षा तारखा वाचा

करारावरची रक्कम आणि हाती येणारी रक्कम या दोन निराळ्या गोष्टी आहेत. समजा, ३ लाख रुपये ठरले. खेळाडू पगारी कर्मचारी नसेल तर त्याच्या मानधनातून व्यावसायिक शुल्क म्हणून १० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा आयकर, कापला जातो, म्हणजे ३० हजार गेले. मध्यस्थाने १० टक्के ठरवले असतील तर आणखी ३० हजार गेले. उरले २ लाख ४० हजार, आणि त्यांतून स्टिक, बूट आणि जिमचा खर्च करायचा. गोलकीपरचा संपूर्ण आयात केलेला संच लाखाच्या घरात जातो, म्हणून कीपरने साहित्य कोण देणार आणि करार संपल्यावर ते कोणाकडे राहणार हे विचारल्याशिवाय सही करू नये. माझ्या पाहण्यात असे झाले आहे की पॅड क्लबने दिले, मोसम संपल्यावर परत मागितले, आणि त्या मुलाने तोपर्यंत स्वतःचे जुने पॅड विकून टाकले होते.

कापलेला टीडीएस बुडालेला नसतो. सध्याच्या नव्या करप्रणालीत वर्षाचे करपात्र उत्पन्न १२ लाख रुपयांपर्यंत असेल तर अशा मानधनावर सवलतीमुळे कर शून्य होतो, आणि विवरणपत्र भरले की कापलेली रक्कम परत मिळते. यासाठी पॅन कार्ड असणे, ते करारात बरोबर लिहिले असणे आणि क्लबकडून टीडीएसचे प्रमाणपत्र मिळणे या तीन गोष्टी लागतात. पॅन दिला नाही तर १० ऐवजी २० टक्के कपात होते. शेकडो खेळाडू केवळ विवरणपत्र भरायचा कंटाळा करून आपले पैसे तिथेच सोडून देतात, याचे मला फार वाईट वाटते. वर्षभराची मिळकत २० लाखांच्या वर जाऊ लागली तर जीएसटीची नोंदणी पाहावी लागते. नवोदिताला ती वेळ क्वचितच येते.

आता तारखा. ‘स्पर्धा संपल्यावर यथावकाश’, ‘प्रायोजकाची रक्कम प्राप्त झाल्यानंतर’, ‘व्यवस्थापनाच्या मंजुरीनंतर’ हे शब्द दिसले की थांबा. प्रायोजक क्लबला पैसे देतो की नाही हा क्लबचा व्यवहार आहे, त्याची जोखीम १९ वर्षांच्या मुलाने का उचलावी? हप्ते दिनांकासह लिहून मागा : सहीच्या वेळी काही भाग, मोसमाच्या मध्यावर काही भाग, आणि शेवटच्या सामन्यानंतर १५ किंवा ३० दिवसांच्या आत उरलेली सर्व रक्कम. स्पर्धा पुढे ढकलली किंवा रद्द झाली तर पहिला हप्ता परत करायचा का, हेही लिहिलेले असावे. हॉकीत संघ बदलतात, मालक माघार घेतात. लीगच्या पुनरागमनानंतरच्या दुसऱ्याच मोसमाआधी यूपी रुद्राजच्या मालकांनी माघार घेतली आणि त्या संघाचा कारभार लीगच्या नियामक मंडळाने हाती घेतला. तिथे सांभाळून घेणारे मंडळ होते. छोट्या क्लबामागे असे कोणी नसते.

पुढील तारखेचा धनादेश मिळाला आणि तो वटला नाही, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत लेखी नोटीस पाठवावी लागते आणि नोटीस पोहोचल्यावर समोरच्याला पैसे देण्यास १५ दिवसांची मुदत असते. ‘पुढच्या आठवड्यात देतो’ या वाक्यावर विसंबून हे ३० दिवस घालवू नका.

बक्षिसाच्या रकमेचा वाटा, सामनावीराचे बक्षीस आणि सराव शिबिरातील दिवसांचा भत्ता या तीन गोष्टींचा उल्लेख बहुतेक कागदांत नसतो. त्या विचाराव्यात.

पाचवी पायरी : दुखापत

या पायरीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण माझे स्वतःचे नुकसान इथे झाले.

मी २२ वर्षांचा होतो आणि एका कार्यालयीन संघाच्या वार्षिक स्टायपेंडवर खेळत होतो. एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी पेनल्टी कॉर्नरचा सराव चालू होता. टर्फवर पाणी मारलेले नव्हते. उजवीकडच्या चेंडूसाठी झेपावताना डाव्या पायाचा किकर, म्हणजे बुटावरचे जाड संरक्षक कवच, कोरड्या टर्फला धरून राहिले, पाय तिथेच आणि शरीर वळले. आवाज मला ऐकू आला, बचावफळीतल्या मुलालाही ऐकू आला. गुडघा स्थिर ठेवणारा एसीएल हा अस्थिबंध तुटला होता. माझ्या पत्रात स्टायपेंड ‘खेळाडू खेळण्यास उपलब्ध असेपर्यंत’ देय राहील असे होते. हे शब्द मी सही करताना वाचले होते आणि ‘उपलब्ध’ म्हणजे दुसऱ्या संघाकडे न जाणे असा त्यांचा अर्थ घेतला होता. पुढच्या महिन्यापासून स्टायपेंड बंद झाला. शस्त्रक्रियेसाठी वडिलांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली. संघातले लोक वाईट नव्हते, दोघे-तिघे रुग्णालयात भेटायलाही आले. पण लेखापालापुढे ते पत्र होते आणि पत्राप्रमाणे त्याचे काहीच चुकले नव्हते.

अशा शस्त्रक्रियेनंतर मैदानावर परतायला साधारण नऊ महिने किंवा त्याहून अधिक लागतात. करार पाच आठवड्यांचा आणि दुखापत नऊ महिन्यांची, हे गणित लक्षात घेतले की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. सरावात किंवा सामन्यात दुखापत झाली तर उरलेले मानधन पूर्ण मिळणार का? एमआरआय, शस्त्रक्रिया आणि फिजिओथेरपीचा खर्च कोण करणार, आणि करार संपल्यानंतरही उपचार चालू राहिले तर किती महिन्यांपर्यंत? खेळण्यास योग्य आहे की नाही हे कोण ठरवणार, संघाचा डॉक्टर एकटा की तुम्हाला दुसऱ्या डॉक्टरचे मत घेण्याचा हक्क राहील? घाईने मैदानावर उतरवले गेल्यास नकार देता येईल का? ‘करारकाळात खेळामुळे झालेल्या दुखापतीस खेळाडू अनुपलब्ध समजला जाणार नाही’ हे एक वाक्य माझ्या पत्रात असते तर घरचा तो निधी वाचला असता.

विम्याचे नाव ऐकून निश्चिंत होऊ नका. पॉलिसीची प्रत मागा आणि त्यात वगळलेल्या गोष्टींचे पान वाचा. व्यावसायिक खेळातील दुखापत, जुनी दुखापत आणि फिजिओथेरपी ही तीन ठिकाणे बहुधा अडचणीची असतात. घरच्या मेडिक्लेममध्येही हेच पाहावे. विमा फक्त अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व एवढ्यापुरता असेल, तर फाटलेल्या स्नायूसाठी त्याचा काही उपयोग होत नाही.

सही करण्यापूर्वी स्वतःची वैद्यकीय तपासणी करून घ्या आणि अहवालावर तारीख असू द्या. जुनी दुखापत लपवू नका. लपवलेली दुखापत पुढे बाहेर आली की क्लबला करार रद्द करायला आयते कारण मिळते. सांगितलेली दुखापत कागदावर नोंदवली गेली की तीच तुमचे रक्षण करते.

सहावी पायरी : करार कसा संपतो

‘क्लब कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता करार समाप्त करू शकेल’ असे वाक्य असेल तर तोच हक्क तुम्हालाही आहे का ते पाहा. नसेल तर निदान एवढे मागा की क्लबने मध्येच मुक्त केल्यास खेळलेल्या दिवसांचे मानधन आणि परतीचे तिकीट मिळेल आणि ना हरकत सात दिवसांत दिली जाईल. फॉर्म खराब असणे हे करार मोडण्याचे कारण मानले जाणार असेल, तर फॉर्म कोण ठरवणार हे लिहिलेले हवे. भरपाईच्या मोठ्या आकड्याने घाबरून जाऊ नये. करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते, छापलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. तरीही तो आकडा कमी करून घेणे शहाणपणाचे, कारण न्यायालयापर्यंत जाण्याची ताकद आपल्यात नसते हे समोरच्याला माहीत असते.

आता त्या हाफबॅकच्या तिसऱ्या पानावरच्या कलमाकडे येतो. आपल्या श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांच्याबाबत नेमका असाच वाद झाला होता. त्यांचा पर्सेप्ट डी’मार्क या, खेळाडूंच्या जाहिरातींचे काम पाहणाऱ्या कंपनीशी तीन वर्षांचा करार होता, आणि तो संपल्यावर दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव आल्यास आधी याच कंपनीला ती संधी द्यावी अशी अट त्यात होती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की कराराची मुदत संपल्यानंतर माणसाच्या व्यवसायावर असे बंधन घालता येत नाही, करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे ते निरर्थक आहे. हॉकीच्या खेळाडूलाही हाच कायदा लागू आहे. करार चालू असताना दुसरीकडे न खेळण्याची अट योग्यच असते. करार संपल्यावर मात्र तुम्ही मोकळे आहात.

परंतु निकाल आपल्या बाजूने असणे आणि मोसम सुरू होताना हातात ना हरकत असणे यांत अंतर आहे. क्लबने ना हरकत अडवून ठेवली तर न्यायालयात जिंकेपर्यंत स्पर्धा संपलेली असते. म्हणून असे कलम सही करण्यापूर्वीच काढून घ्यावे. ‘क्लबच्या इच्छेनुसार करार आणखी एका मोसमासाठी वाढेल’ हे कलमही त्याच जातीचे आहे; त्यात ‘दोघांच्या लेखी संमतीने’ हे शब्द घालावेत आणि वाढीव मोसमाचे मानधन आताच ठरवू नये, कारण चांगला खेळलात तर तुमची किंमत बदललेली असेल. तुमचे छायाचित्र आणि नाव जाहिरातीत वापरण्याची मुभाही कराराच्या मुदतीपुरतीच द्यावी.

सातवी पायरी : औषधे

उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी ठरल्यास करार तत्काळ रद्द होतो आणि दिलेली रक्कम परत मागितली जाऊ शकते, हे कलम बहुतेक करारांत असते आणि ते असायलाच हवे. शरीरात काय गेले याची जबाबदारी पूर्णपणे खेळाडूची मानली जाते. सर्दीच्या काही गोळ्यांत असणारे स्यूडोएफेड्रिन स्पर्धाकाळात ठरावीक प्रमाणाबाहेर सापडल्यास चाचणी अंगाशी येते. ‘नाडा’ या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या ‘नो युवर मेडिसिन’ या अॅपवर औषध तपासता येते. जिममधल्या मित्राने दिलेली, लेबल नसलेली पावडर घेऊ नका.

आठवी पायरी : परदेशी क्लब

धनराज पिल्ले जर्मनी, फ्रान्स, मलेशिया आणि बांगलादेशातल्या क्लबांकडून खेळले, मरीन लाइन्सचा युवराज वाल्मिकी जर्मनीत खेळला, सरदार सिंग २०१३ मध्ये नेदरलँड्सच्या ब्लूमेंडालकडून खेळले. तिथल्या छोट्या क्लबांतही आपल्या मुलांना जागा मिळते, पण कामाचे स्वरूप निराळे असते. युरोपातले अनेक क्लब खेळाडूकडून लहान मुलांच्या संघांचे प्रशिक्षणही करून घेतात. आठवड्याला किती तास, हे करारात हवे. राहण्याची जागा एकट्याची की वाटून, वीजबिल कोणाचे, सरावाला जायला सायकल मिळणार का, जेवणाचे काय, हे प्रश्न क्षुल्लक वाटले तरी नोव्हेंबरच्या थंडीत तेच महत्त्वाचे ठरतात. मोसम शरद आणि वसंत अशा दोन भागांत विभागलेला असतो, तेव्हा मधल्या हिवाळ्यात मानधन चालू राहणार की नाही हे विचारा.

पर्यटक व्हिसावर जाऊन पैसे घेऊन खेळणे हा त्या देशाच्या कायद्याचा भंग आहे आणि त्याची नोंद तुमच्या पासपोर्टावर होते, क्लबच्या नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना विमानतळावर कळते : दहावी उत्तीर्ण नसलेल्याच्या पासपोर्टावर देशांतराची तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते, आणि मलेशिया, ओमान, संयुक्त अरब अमिराती यांसारख्या देशांत कामासाठी जाताना अशा व्यक्तीला आधी सरकारी मंजुरी घ्यावी लागते. हॉकीपायी दहावी अर्धवट राहिली असेल तर ती पूर्ण करा.

नववी पायरी : बदल मागणे, वाद आणि कागद जपणे

बदल मागितला म्हणजे संधी हातची जाईल ही भीती मला समजते, कारण तीच भीती मलाही होती. पण व्यवस्थित मागितलेला बदल कोणी अपमान समजत नाही. फोनवर न बोलता ईमेल करावा आणि त्यात तीनपेक्षा जास्त मुद्दे नसावेत. त्या हाफबॅकने लिहिलेला मजकूर असा होता : ‘संघाकडून खेळण्यास मी उत्सुक आहे. करारात उल्लेख असलेले परिशिष्ट अ मला मिळालेले नाही, ते पाठवावे. कलम ९ मधील मुदतीनंतरची अट वगळावी. सरावातील दुखापतीच्या उपचारखर्चाबाबत एक ओळ जोडावी. हे मिळताच मी त्याच दिवशी सही करून पाठवतो.’ दोन दिवसांत परिशिष्ट आले आणि कलम ९ काढले गेले. दुखापतीची ओळ मात्र त्यांनी ‘करारकाळापुरती’ एवढीच मान्य केली, आणि पूर्ण विचार करून त्याने ती स्वीकारली. सगळे मिळत नाही. काय मिळाले नाही हे माहीत असणेही उपयोगाचे असते, कारण त्याने त्याच आठवड्यात स्वतःचा वेगळा विमा उतरवला.

वाद लवादाकडे जाईल असे कलम असेल तर दोन गोष्टी पाहा. लवाद क्लब एकटाच नेमणार असेल तर हरकत घ्या. एका पक्षाने एकतर्फी एकमेव लवाद नेमणे योग्य नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. लवादाचे ठिकाण मुंबई असावे असा आग्रह धरा, कारण दीड लाखाच्या थकबाकीसाठी दुसऱ्या शहरात तारखांना जाणे कोणाला परवडणार? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिलांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक उत्पन्नाखालील सर्वांना मोफत वकील मिळतो. मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावे, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

मुद्रांकाचा प्रश्न लहान आहे पण विसरला जातो. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून अनेक प्रकारच्या करारांसाठी १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, आणि मुद्रांक नसलेला कागद दंडासह शुल्क भरेपर्यंत न्यायालयात पुरावा म्हणून घेतला जात नाही. प्रत्येक पानावर दोघांची सही, खाडाखोड असेल तिथे दोघांची आद्याक्षरे, आणि समोरच्याची सही झालेली प्रत तुमच्या हातात येणे, इतके झाल्याशिवाय बॅग भरू नये. ‘प्रत नंतर पाठवतो’ असे सांगितले तर दोघांच्या सह्या झालेल्या पानांची छायाचित्रे तिथेच घ्या आणि घरच्या कोणाला तरी पाठवून ठेवा.

शेवटचा सामना झाला की मैदान सोडण्यापूर्वी तीन कागद मागून घ्या : स्पर्धेतील सहभागाचे प्रमाणपत्र, क्लबने तुम्हाला मुक्त केल्याचे पत्र आणि उरलेल्या रकमेचा तारखेसह हिशेब. टीडीएसचे प्रमाणपत्र त्यानंतर येते, त्याचा पाठपुरावा करावा लागतो. सहभागाच्या प्रमाणपत्राला मुंबईतल्या मुलांनी कमी लेखू नये. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी क्रीडा विभागाकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते; रेल्वेच्या क्रीडा कोट्यातही राष्ट्रीय स्पर्धांतील कामगिरी पाहिली जाते. खासगी स्पर्धेतल्या पाच आठवड्यांच्या मानधनासाठी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा चुकवण्याची वेळ आली, तर कराराच्या तारखा आणि राष्ट्रीय स्पर्धेच्या तारखा एका कागदावर शेजारी शेजारी लिहा, आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी सुटी देण्याची ओळ करारात घालून मगच सही करा.